चांगलं काम करणाऱ्याबद्दल दोन ओळी लिहायला आपण का थांबतो?

निळीशाई

गेल्या महिन्यात आईला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. आई तीन वर्षांपासून चाकांच्या खुर्चीत आहे. नेहमीचे डॉक्टर निवृत्त झाले, त्यामुळे नवा दवाखाना शोधणं आलं. डॉक्टर कसे आहेत हा आमच्यासाठी दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, दारातून आत जाता येईल का? हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं. फोन केला तर पलीकडून हमखास उत्तर येतं, "हो हो, काही अडचण नाही, या तुम्ही." जाऊन बघावं तर तीन पायऱ्या. मग दोन अनोळखी माणसं खुर्ची उचलतात, आई डोळे घट्ट मिटून घेते आणि घरी आल्यावर म्हणते, "मला आता कुठे नेऊ नकोस."

रात्री जेवणं झाल्यावर नकाशा उघडला आणि जवळच्या एकेका दवाखान्याचे रिव्ह्यू वाचत बसले. पाच तारे, "बेस्ट डॉक्टर". पाच तारे, नुसता अंगठा. एक तारा, "गाडी लावायला जागा नाही". असं बराच वेळ चाललं. मग एका दवाखान्याखाली दीड वर्षापूर्वीचा हा मजकूर दिसला. तेव्हाच उतरवून ठेवला होता, तसाच देते:

"पुढच्या दाराला दोन पायऱ्या आहेत. इमारतीच्या मागून उताराने आत येता येतं, पण ते दार बंद असतं. आदल्या दिवशी फोन केला की उघडून ठेवतात. लिफ्टमध्ये चाकांची खुर्ची मावते, मात्र पाय ठेवायच्या पट्ट्या आत दुमडाव्या लागतात. तपासणीच्या खुर्चीवर बसवताना मदतनीस बाई हात देतात, घाई करत नाहीत."

आम्ही आदल्या दिवशी फोन केला. मागचं दार उघडं होतं. लिफ्टपाशी मी पट्ट्या दुमडल्या आणि खुर्ची आत गेली. दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा उरली. मदतनीस बाईंनी आधी आईला विचारलं, "कोणत्या बाजूने उठायची सवय आहे?" परत येताना आईने विचारलं, "ते कुणी लिहिलं होतं गं?" नावाच्या जागी एक अक्षर होतं फक्त. आभार मानायलाही वाट नव्हती.

त्या रात्री मी माझं स्वतःचं खातं उघडून बघितलं. अकरा वर्षांत मी किती रिव्ह्यू वाचले असतील याची गणती नाही. लिहिलेले दोन. दोन्ही एक ताऱ्याचे, दोन्ही रागाच्या भरात.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आईचे कपडे एक शिंपी काका शिवून देत. खुर्चीत बसून घालता यावेत म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्याने कुडत्यांना बाजूने उघडणारी पट्टी लावली होती. मागून कापड कमी केलं, म्हणजे बसल्यावर चुण्या पडून पाठीला रुतत नाहीत. असं काम करणारा माणूस शोधून सापडत नाही. गेल्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं. का केलं ते मला माहीत नाही, वयही झालं होतं. पण परवा नकाशावर त्यांचं पान बघितलं, तर त्यावर "कायमचे बंद" आणि खाली सगळ्या वर्षांत मिळून एकच रिव्ह्यू. दोन तारे. शब्द एकही नाही. चाकांच्या खुर्चीतल्या माणसाचे कपडे ते शिवतात, हे जगाला सांगणारी एकही ओळ कुठे नव्हती. ती मी लिहायला हवी होती.

तुम्ही लिहिता का? काय लिहिता? आणि त्याचा खरंच कुणाला उपयोग झालेला बघितला आहे का?

———

उंबरठा

शिंपी काकांचं वाचून गप्प झाले. माझेही सगळे रिव्ह्यू रागातलेच आहेत, आत्ताच जाऊन बघितलं.

———

गणिती

ताई, तुमच्या दोन एक-ताऱ्यांत वेगळं काहीच नाही. बहुतेक जागी ताऱ्यांचा आलेख काढला तर दोन टोकं उंच दिसतात आणि मधला भाग बसका. फार खूश झालेला लिहितो, फार चिडलेला लिहितो. ज्याचं काम नीट झालं तो पैसे देतो आणि निघून जातो. म्हणजे रोज न चुकता नीट काम करणारा माणूसच नोंदीतून सुटतो.

उपयोग होतो का, याचं उत्तर मोजून मिळालेलं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी 2011 मध्ये सिएटलमधली रेस्टॉरंट, त्यांची खरी उलाढाल आणि येल्प या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावरचे तारे एकमेकांशी ताडून बघितले. एक तारा वाढला की उलाढाल 5 ते 9 टक्क्यांनी वाढते, असं त्यांना आढळलं. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. हा परिणाम स्वतंत्र, एकट्या मालकाच्या ठिकाणांवर दिसला, एकाच नावाच्या अनेक शाखा असलेल्या साखळी दुकानांवर दिसला नाही. कारण उघड आहे. साखळी दुकानात काय मिळणार हे आपल्याला जाहिरातीने आधीच सांगितलेलं असतं. एकट्या माणसाबद्दल सांगणारं कुणीच नसतं. आपण लिहितो तेव्हा ती उणीव भरून निघते.

जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हेच दाखवलं होतं. चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे गिऱ्हाइकाला कळत नसेल, तर तो दोन्हींना सारखाच, मधला भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. 2001 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. तुमच्या काकांच्या बाबतीत तसं घडलं असं मी म्हणणार नाही. पण चांगलं काम करणारा दिसत नसेल तर बाजार त्याला वेगळं काढू शकत नाही, हे मात्र खरं.

आता छोट्या दुकानाची सरासरी बघा. चार जणांनी पाच तारे दिले आणि एकाने एक, तर सरासरी 4.2. साठ जणांनी पाच दिले आणि एकाने एक, तर 4.9. चिडलेला माणूस तोच, तारा तोच. पहिल्या दुकानाला तो जखम करून जातो, दुसऱ्याला नुसता ओरखडा. म्हणून ज्यांच्या पानावर चार-पाचच रिव्ह्यू आहेत त्यांच्यासाठी लिहिणं सगळ्यात मोलाचं.

———

आडवाट

माझं मत वेगळं आहे, आणि ते अनुभवातून आलेलं आहे.

माझ्या धाकट्या भावाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पहिल्या वर्षात नऊ रिव्ह्यू आले, सगळे पाच तारे, सगळी खरी गिऱ्हाइकं. एका रात्रीत तीन एक-तारे पडले. तिन्ही नावं अनोळखी, मजकूर कुठलाच नाही. सकाळी बघतो तर 5 चे 4 झालेले. भाऊ तीन दिवस वही घेऊन बसला होता, कुणाची सायकल बिघडवली म्हणून जुन्या नोंदी तपासत. आम्ही तक्रार केली, काही झालं नाही. कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हापासून मी हे सगळं बघणं सोडलं. विकत घेतलेले तारे, सूड म्हणून दिलेले तारे, ओळखीतले तारे. त्यात खरं काय ते कसं ओळखायचं? आणि आपण फुकट लिहायचं, फायदा कुणाचा? ज्या कंपनीचा नकाशा तिचा. आपल्या मजकुराशेजारी ती जाहिराती लावते. ओळखीच्या चार माणसांना तोंडी सांगितलेलं मला पुरतं.

———

निळीशाई

आडवाट, भावाचं वाचून वाईट वाटलं. वही तपासत बसलेला माणूस डोळ्यांसमोर आला.

तोंडी सांगण्याबद्दल मात्र एक सांगू का? माझ्या ओळखीत चाकांची खुर्ची वापरणारं दुसरं कुणीही नाही. मी कुणाला विचारणार होते? ज्याने उताराबद्दल लिहिलं तो माझ्या ओळखीचा नव्हता, म्हणूनच त्याचं लिहिलेलं माझ्या कामी आलं. नव्याने राहायला आलेला माणूस, एकटा राहणारा, ज्याचं कुणाकडे जाणं-येणं नाही असा माणूस, त्यांना तोंडी सांगणारं कोण आहे?

———

गणिती

आडवाट यांची शंका रास्त आहे, ती झटकून टाकण्यासारखी नाही. 2014 मध्ये डीना मेझलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉटेलांचे रिव्ह्यू दोन प्रवासी संकेतस्थळांवर तपासले. एक्सपीडियावर मुक्काम केलेल्यालाच लिहिता येत होतं, ट्रिपॲडव्हायझरवर कुणालाही. ज्या हॉटेलाच्या शेजारीच प्रतिस्पर्धी होता, त्याला ट्रिपॲडव्हायझरवर तुलनेने जास्त वाईट रिव्ह्यू मिळालेले दिसले. बॉस्टनमधल्या रेस्टॉरंटांच्या अभ्यासात येल्पच्या गाळणीने सुमारे 16 टक्के रिव्ह्यू संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले आढळले. म्हणजे खोटेपणा आहे, आणि तो चिमूटभर नाही.

याविरुद्ध नियमही होत आहेत. रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि कसे दाखवावेत हे सांगणारं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 20488 हे 2018 मध्ये आलं, भारतात मानक ब्यूरोचं तसंच आयएस 19000 हे 2022 मध्ये. अमेरिकेत खोटे रिव्ह्यू विकणं-विकत घेणं यावर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. "आमच्याबद्दल वाईट लिहायचं नाही" अशी अट गिऱ्हाइकाच्या करारात घालणं तिथे 2016 च्या कायद्याने आधीच रद्द ठरवलं होतं.

पण नियमांपेक्षा तुमच्या भावाला वाचवणारी गोष्ट वेगळी आहे. नऊ खऱ्या गिऱ्हाइकांऐवजी सदतीस जणांनी लिहिलं असतं, तर त्या तीन ताऱ्यांनंतरही सरासरी 4.7 राहिली असती. खोटं लिहिणाऱ्याची ताकद आपल्या गप्प राहण्यातून येते.

———

सुईदोरा

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. माझं बॅगा, चेन, तंबू, पावसाळी कोट दुरुस्त करायचं छोटं काम आहे. मी एकटीच आहे, दुकान म्हणजे एक खोली आणि दोन मशीन.

सुरुवातीला माझ्या पानावर तीन रिव्ह्यू होते. "छान", "चांगले काम", आणि एक तीन ताऱ्यांचा, त्यात लिहिलेलं "ठीक". त्या "ठीक"वर मी किती विचार केला असेल! उशीर झाला होता? दोऱ्याचा रंग जुळला नव्हता? बोलताना तुटक बोलले? ज्याने लिहिलं तो कधीच विसरून गेला असेल. मला आजही माहीत नाही काय चुकलं ते. सांगितलं असतं तर सुधारलं असतं.

मग एका मुलाने लिहिलं. डोंगरात फिरणारा मुलगा, तंबूची चेन घेऊन आला होता. चेन नीट मिटत नव्हती, मागून उघडत जायची. दोन ठिकाणी त्याला सांगितलं होतं की पूर्ण चेन बदलावी लागेल. मी बघितलं तर दात शाबूत होते, रनर, म्हणजे चेनवर सरकणारा तुकडा, सैल झाला होता. घासून घासून त्याचं तोंड पसरतं, मग तो दात दाबून धरत नाही. मी रनर बदलला, दहा मिनिटांचं काम. त्याने एवढंच लिहिलं: "चेन न बदलता फक्त रनर बदलून दिला. तंबू पावसात दोन रात्री वापरला, नीट मिटतोय. जुना रनरही परत दिला आणि कुठे झिजलाय ते दाखवलं."

त्यानंतर लोक यायला लागले ते हेच विचारत. "तुम्ही रनर बदलता ना?" एक बाई पन्नास-साठ वर्षांची चामड्याची बॅग घेऊन आल्या, वडिलांची होती. म्हणाल्या, सगळीकडे सांगतात चेन उसवा, पण मला शिलाई मोडायची नाहीये, तुमच्याबद्दल वाचलं म्हणून आले. त्या मुलाने पाच तारे दिले होते, पण ताऱ्यांमुळे एकही माणूस आला नाही. "रनर" या शब्दामुळे आले.

म्हणून लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे, काम कोणतं होतं ते लिहा. काय मोडलं होतं, काय केलं, किती दिवस टिकलं. आमच्यासारख्यांना स्वतःबद्दल हे लिहिता येत नाही. मी पाटीवर लिहिलं तर ती जाहिरात होते, तुम्ही लिहिलंत तर ती साक्ष असते.

आणखी एक. मला कुणीतरी सुचवलं होतं की पाच तारे देणाऱ्याला पुढच्या कामात सूट दे. मी नाही केलं. केलं असतं तर त्या मुलाच्या शब्दांवरचाही विश्वास गेला असता.

———

उंबरठा

"तुम्ही लिहिलंत तर ती साक्ष असते." हे मी लिहून ठेवलं.

———

कानोसा

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मी रिव्ह्यूंमध्ये शोधतो त्या गोष्टी बहुतेकांच्या ध्यानातही येत नाहीत. वेळ घेण्यासाठी फोनच करावा लागतो, की निरोप लिहून पाठवला तर चालतो? आत बसल्यावर नाव पुकारतात, की आकडा दिसतो? माणूस तोंडावर मास्क असताना बोलत राहतो, की खाली करून समोर बघून बोलतो? एका चष्म्याच्या दुकानाबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, "काउंटरवरच्या मुलीने सगळं कागदावर लिहून दाखवलं, कंटाळली नाही." मी त्याच दुकानात गेलो, आणि आता दुसरीकडे जात नाही.

चाकांच्या खुर्चीसाठी एक वेगळा नकाशाच आहे, व्हीलमॅप. बर्लिनमधल्या एका संस्थेने 2010 मध्ये सुरू केला. हिरवा, पिवळा, लाल अशा तीन रंगांत कुणीही नोंद करू शकतं. तो ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर उभा आहे, आणि हा मूळ नकाशा कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही. आडवाट, ज्यांना मोठ्या कंपनीला फुकट मजकूर द्यायचा नाही त्यांच्यासाठी ही वाट खुली आहे. पायरी आहे की उतार, एवढी नोंद केली तरी पुष्कळ.

———

पाऊलखूण

मला एक कबुली द्यायची आहे.

चार वर्षांपूर्वी आमचं धुलाईयंत्र बिघडलं. घरात तान्हं बाळ, कपड्यांचा ढीग. दुरुस्तीवाला मुलगा आज येतो म्हणून दोन दिवसांनी आला. मी रात्री एक तारा दिला आणि चार परिच्छेद लिहिले. त्यात त्या मुलाचं नाव लिहिलं, "याला कुणी कामावर ठेवलं" असंही लिहिलं. लिहून झाल्यावर बरं वाटलं, हे मान्य करते.

सहा महिन्यांनी यंत्र परत अडलं तेव्हा त्याच दुकानात फोन केला, दुसरं कुणी सापडेना. मालक स्वतः आले. त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "ताई, उशीर झाला ही चूक आमची. त्या दिवशी मी त्याला दोन माणसांची कामं दिली होती, दुसरा आजारी होता. पण त्याचं नाव शोधलं की पहिलं तेच दिसतं." आवाज चढवला नाही. मला खाली बघावं लागलं.

त्याच संध्याकाळी मी ते बदललं. नाव काढलं. "कामावर ठेवलं"चं वाक्य काढलं. उशीर झाला होता, तो तसाच ठेवला, कारण तो खरा होता. आणि जे आधी लिहिलंच नव्हतं तेही घातलं, की बिघाड त्याने पहिल्या फेरीत बरोबर ओळखला होता आणि पंप बदलायची गरज नाही, नळीत नाणं अडकलंय हे प्रामाणिकपणे सांगितलं होतं. तारे तीन केले.

तेव्हापासून मी रागात लिहिलं तर ते वहीत लिहिते. दुसऱ्या दिवशी वाचते. त्यात घडलेलं किती आणि माझा संताप किती ते तेव्हा दिसतं. आणि कामगाराचं नाव लिहायचं असेल तर फक्त कौतुकात लिहिते.

———

सुईदोरा

पाऊलखूण, तुम्ही बदललंत हे फार मोठं केलंत. आम्हाला वाईट रिव्ह्यूची भीती असते ती टीकेची नसते. तो कायमचा तसाच राहील, याची असते.

———

गणिती

मालकाने बोलण्याबद्दलही एक अभ्यास आहे. प्रोसेर्पियो आणि झर्व्हास यांनी 2017 मध्ये हॉटेलांवर तो प्रसिद्ध केला. ज्यांनी गिऱ्हाइकांच्या रिव्ह्यूंना उत्तरं द्यायला सुरुवात केली त्यांच्याकडे रिव्ह्यू सुमारे 12 टक्क्यांनी वाढले आणि सरासरी 0.12 ताऱ्याने वर गेली. नाराजीचे रिव्ह्यू संख्येने घटले, पण लांबीने वाढले. मालक वाचतो आहे हे कळलं की माणूस नुसता एक तारा फेकून जात नाही, काय बिनसलं ते सविस्तर सांगतो. सुईदोरा यांना तो "ठीक" म्हणणारा जे कधी बोलला नाही, ते.

———

आडवाट

काल रात्री हा सगळा धागा परत वाचला. भावालाही वाचायला दिला. तो म्हणाला, "दादा, माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अर्धे तरी आधी नकाशावर वाचून येतात, तू बघत नाहीस म्हणून ते थांबलेलं नाही." मला हे माहीत नव्हतं.

माझी शंका संपलेली नाही. पण निळीशाई यांनी अनोळखी माणसाबद्दल जे लिहिलं त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आता मला सांगा, वाचताना खरं-खोटं कसं ओळखता? हे प्रामाणिकपणे विचारतो आहे.

———

गणिती

मी पाच तारे आणि एक तारा दोन्ही बाजूला ठेवतो आणि आधी तीन-चार ताऱ्यांचे वाचतो. तिथे माणूस तोलून बोलतो. मग तारखा बघतो. एकाच आठवड्यात पंधरा स्तुतिस्तोत्रं आणि नंतर वर्षभर शुकशुकाट असेल तर मी थांबतो. लिहिणाऱ्याने आणखी कुठे काय लिहिलं आहे तेही एकदा उघडून बघतो. तीन जणांच्या 5.0 पेक्षा तीनशे जणांच्या 4.6 वर माझा जास्त विश्वास बसतो.

आणि सगळ्यात खात्रीची खूण ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये दिली आहे. लिफ्टमध्ये पट्ट्या दुमडाव्या लागतात, हे तिथे खुर्ची घेऊन न गेलेल्या माणसाला सुचणारच नाही. खोटं लिहिणारा "उत्तम सेवा" लिहितो. त्याच्याकडे पट्ट्या नसतात.

———

कानोसा

तारखेवरून आठवलं. रिव्ह्यू जुना होतो. दुकान जागा बदलतं, हात बदलतं, लिफ्ट बंद पडते. मी वर्षा-दोन वर्षांनी माझेच जुने उघडतो आणि "अजूनही तसंच आहे" किंवा "आता आकड्यांचा फलक काढला आहे" एवढी एक ओळ वाढवतो. यात कष्ट काहीच नाहीत.

———

उंबरठा

मला एक विचारायचं होतं. मराठीत लिहिलं तर चालतं का? मी इंग्रजीत लिहायला बसते आणि "गुड सर्व्हिस"च्या पुढे गाडी जातच नाही.

———

निळीशाई

चालतं काय, मराठीतच लिहा! ज्याला वाचता येत नाही त्याला नकाशावर भाषांतराचं बटण असतं. माझ्या आईला इंग्रजी वाचायला जड जातं. मी तिला दवाखान्याबद्दलचं वाचून दाखवलं तेव्हा तिने फोन हातात घेऊन स्वतः परत वाचलं, बोट फिरवत. "घाई करत नाहीत" या शब्दांवर तिचं बोट थांबलं. मला उताराचं अप्रूप होतं, तिला याचं. मराठीत होतं म्हणून तिला ते स्वतः शोधता आलं.

मी काल त्या दवाखान्याबद्दल लिहिलं. नुसतं आधीच्या माणसाला दुजोरा देऊन थांबणार होते, पण सुईदोरा यांचं वाचून बदललं. हे लिहिलंय:

"आई चाकांच्या खुर्चीत आहे. मागचा उतार अजूनही आहे आणि फोन केल्यावर दार उघडून ठेवलं होतं. लिफ्टमध्ये खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरते, रुंद खुर्ची असेल तर आधी मोजून घ्या. मदतनीस बाईंनी कोणत्या बाजूने उठायची सवय आहे ते आईलाच विचारलं, मला नाही. स्वच्छतागृहाचं दार मात्र अरुंद आहे, खुर्ची आत जात नाही. त्यामुळे घरून निघताना तशी तयारी करा. दीड वर्षापूर्वी ज्यांनी इथे उताराबद्दल लिहिलं, त्यांच्यामुळे आम्ही येऊ शकलो."

मागच्या दाराचा फोटोही टाकला. आत बसलेल्या रुग्णांचे चेहरे येऊ नयेत म्हणून फक्त बाहेरून काढला.

———

पाऊलखूण

स्वच्छतागृहाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. कौतुकाच्या भरात तेच राहून जातं. मालकांनी वाचलं तर कदाचित दारही बदलतील.

———

आडवाट

मीही एक लिहून बघितला आहे. पहिलाच आहे, टाकण्यापूर्वी इथे देतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेल्या किल्लीवाल्याबद्दल. त्याच्या पानावर अजून एकही रिव्ह्यू नाही.

"रात्री साडेअकराला दार आपोआप लागलं, किल्ली आत. फोन केल्यावर वीस मिनिटांत येतो म्हणाले, पंचवीस मिनिटांत आले. दार किंवा चौकट न फोडता उघडून दिलं. फोनवर जी मजुरी सांगितली तीच घेतली, रात्र आहे म्हणून वाढवली नाही. काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं. ते घरातच होतं, म्हणून शेजाऱ्यांना उठवून घर माझंच आहे याची खात्री करून घेतली. तेव्हा मला त्याचा राग आला होता."

———

निळीशाई

आडवाट, शेवटचं वाक्य अजिबात काढू नका.

———

सुईदोरा

शेजाऱ्यांना विचारल्याची ओळ सगळ्यात वर घ्या. कुलूप उघडणारे पुष्कळ असतात, आधी खात्री करणारा माणूस लोक शोधत असतात. आणि कुलूप कोणत्या प्रकारचं होतं तेही लिहा, शोधणारा तोच शब्द टाकून शोधतो.

———

आडवाट

लॅचचं होतं. ओळ वर घेतली, लॅच लिहिलं, शेवटचं वाक्य ठेवलं. टाकला आत्ताच.